कन्नडशिवाय चालतं, तरी शिकायचं का?

पत्र

नाशिकहून बंगळूरला येऊन आम्हाला वर्ष होत आलं. नवऱ्याची बदली झाली म्हणून आलो, माझं काम घरून चालतं. व्हाइटफील्डच्या बाजूला मोठ्या सोसायटीत राहतो. इथे सगळे हिंदी नाहीतर इंग्रजी बोलतात. पोळ्यांना येणाऱ्या बाई तेलुगू, इस्त्रीवाले तमिळ, वॉचमन ओडिया, पालेभाजी घेऊन येणारी बाई कन्नड. आता यातली 'इथली भाषा' नक्की कोणती समजायची?

मी मोबाइलवर ॲप घेऊन कन्नड शिकायला सुरुवात केली होती. 'हे सफरचंद आहे' इथपर्यंत गेले आणि सोडून दिलं. दुकानात कधी धीर करून कन्नडमध्ये विचारलं तर समोरून उत्तर हिंदीत येतं. नवरा म्हणतो, तीन वर्षांनी आपण कुठे असू माहीत नाही, कशाला डोकं शिणवतेस? पण मध्यंतरी एका रिक्षावाल्याचं आणि प्रवाशाचं भाषेवरून जोरात भांडण झालेलं पाहिलं, तेव्हापासून एकटीनं बाहेर पडताना मनात धाकधूक असते. आणि खरं सांगायचं तर नाशिकला वीस-वीस वर्षं राहून एक वाक्य मराठीत न बोलणाऱ्यांचा मला फार राग यायचा. आज त्याच रांगेत मी उभी आहे.

मुलगा तिसरीत आहे. त्याला शाळेत कन्नड आहे. माझे उच्चार ऐकून तो हसतो. इंग्रजी, हिंदी, कन्नड या सगळ्यात त्याचं मराठी सुटेल की काय, ही भीती वेगळीच. दिवाळीनंतर सासूबाई राहायला येणार आहेत. त्यांचं माहेर अक्कलकोटकडचं, त्यांना कानडी चांगलं येतं. पण त्या म्हणतात, "आमचं कानडी गावठी, बंगळूरात नाही चालायचं." मी काय करू?

– नाशिककर, सध्या बंगळूर

उत्तर

प्रिय नाशिककर,

शिका. कन्नडच शिका, आणि दिवाळीची वाट न पाहता शिका. पण 'इथली भाषा नक्की कोणती' हा तुमचा प्रश्न आधी घेते, कारण पुष्कळ जण तिथेच अडकून पडतात.

बंगळूर बहुभाषी आहे यात वाद नाही. २०११ च्या जनगणनेत बंगळूर शहर जिल्ह्यात मातृभाषा कन्नड सांगणारे निम्म्याहून कमी भरले. त्यांच्या पाठोपाठ तमिळ, तेलुगू आणि उर्दूवाले. अख्खं कर्नाटक धरलं तर तिघांतल्या दोघांची मातृभाषा कन्नड. शहराचा हा आकडा पुढे करून 'मग कन्नड हवीच कशाला' म्हणणारे तुम्हाला लिफ्टमध्ये भेटले असतीलच. पण कोणाच्या घरात काय बोलतात यावरून गावाची भाषा ठरत नाही. दोन वेगळ्या घरांतली माणसं रस्त्यावर भेटली की कशात बोलतात, ते बघायला हवं. उद्या सकाळी गेटपाशी जरा रेंगाळा. तुमचे तमिळ इस्त्रीवाले आणि पोळ्यांच्या तेलुगू बाई एकमेकांशी कशात बोलतात ते ऐका. पालेभाजीवालीशी त्यांचा हिशेब कशात होतो ते ऐका. बहुतेक वेळा कन्नड ऐकू येईल. सोसायटीच्या कुंपणाच्या आत हिंदी-इंग्रजी मधली भाषा असते. कुंपणाबाहेर, कष्टानं पोट भरणाऱ्या माणसांत, ते काम कन्नड करतं. म्हणून तेलुगू, तमिळ, ओडिया थोडं थोडं शिकत बसू नका. एक धरा.

या निरीक्षणातून एक कामाची गोष्ट निघते. तुमच्या इस्त्रीवाल्यांनी आणि पोळ्यांच्या बाईंनीही कन्नड कधीतरी बाहेरून येऊनच उचललेलं असणार. नवशिक्याला अशी माणसं शिक्षक म्हणून फार चांगली असतात. त्यांची वाक्यं छोटी असतात, शब्द रोजचे असतात, आणि आपण अडखळलो तर का अडखळलो हे त्यांना कळतं. जन्मानं कन्नड असलेला माणूस भरभर बोलतो, अर्धे स्वर गिळतो आणि तुमचा चेहरा गोंधळला की दयेनं हिंदीवर येतो.

आता ॲप का सुटलं त्याबद्दल. तुम्ही आळशी म्हणून ते सुटलेलं नाही. तुम्हाला कन्नडवाचून रोज काहीच अडत नाही, म्हणून सुटलं. या शहरातला दुकानदार चार भाषांतून व्यवहार करतो आणि गिऱ्हाइकाचा चेहरा पाहून भाषा काढतो. त्यात तुमचा अपमान करायचा त्याचा हेतू नसतो, त्याला गल्ला चालवायचा असतो. पण त्याच्या या सोयीमुळे नव्या माणसाचं शिकणं राहून जातं. तेव्हा गरज आपणच निर्माण करायला लागते. दिवसातलं एक काम असं ठरवा की जे कन्नडमध्येच होईल, मग त्याला दुप्पट वेळ लागला तरी चालेल.

तुमच्यासाठी ते काम म्हणजे पालेभाजी. पालेभाजीला इथे 'सोप्पु' म्हणतात, आणि सकाळी खालून 'सोप्पु, सोप्पु' अशी हाक येते ती याचीच. मेथी म्हणजे 'मेंत्य सोप्पु', कोथिंबीर 'कोत्तंबरि सोप्पु', शेपू 'सब्बसिगे सोप्पु'. जुडीला 'कट्टु' म्हणतात. पिशवी घेऊन खाली जा आणि विचारा, "ओंदु कट्टु एष्टु?" एक जुडी केवढ्याला? ती 'हदिनैदु' म्हणाली तर पंधरा, 'इप्पत्तु' म्हणाली तर वीस. पहिले काही दिवस आकडे कळणार नाहीत, ती बोटं दाखवेल. चालतं. "एरडु कोडि", दोन द्या. "साकु", पुरे. "बेड", नको. "चिल्लरे इल्ला", सुट्टे नाहीत, हे वाक्य तर पहिल्याच दिवशी कानावर पडेल आणि समजेलही. जाता जाता "नाळे बर्तीरा?" उद्या येणार का? एवढ्यात अख्खा व्यवहार उरकतो. एकच बाई, एकच जागा, तेच शब्द रोज. आठवड्यानं तीच तुम्हाला नवा शब्द देईल, कारण तिलाही तुमच्यात रस वाटायला लागलेला असेल. मग तिथून केळीवाल्याकडे जा, मग इस्त्रीवाल्यांकडे.

गर्दीत, सिग्नलवर किंवा घाईत असलेल्या माणसावर सराव करायला जाऊ नका. त्याचा जीव कावतो, तुमचा धीर खचतो.

बंगळूरला आलेल्या बहुतेकांना एकच कन्नड वाक्य पाठ असतं: "कन्नड गोत्तिल्ला", कन्नड माहीत नाही. वर्षानुवर्षं तेच. ते वाक्य तुमच्या तोंडातून काढून टाका. त्याच्या जागी हे बसवा: "नानु कन्नड कलीता इद्दीनि, स्वल्प निधानवागि हेळि." मी कन्नड शिकते आहे, जरा सावकाश सांगा. आणि समोरचा हिंदीत गेलाच तर हसून "कन्नडदल्ले हेळि", कन्नडमध्येच सांगा. ही दोन वाक्यं आरशासमोर घोटा, अडखळता उपयोगी नाही. 'गोत्तिल्ला'नं बोलणं थांबतं, या वाक्यांनी सुरू होतं. बोलणाऱ्याचा सूर कसा बदलतो ते तुमचं तुम्हालाच दिसेल.

इथेच एक इशारा देते. शब्द शिकताना आदराचं रूप आधी शिका. मराठीत 'ये' आणि 'या' यांत जे अंतर आहे, तेच कन्नडमध्ये 'बा' आणि 'बन्नि' यांत आहे. 'दे' साठी 'कोडु', 'द्या' साठी 'कोडि'. 'सांग' म्हणजे 'हेळु', 'सांगा' म्हणजे 'हेळि'. बाहेरून आलेली माणसं आया मुलांशी बोलताना जे ऐकतात तेच उचलतात आणि पन्नाशीच्या रिक्षावाल्याला 'बा' म्हणतात. मग समोरचा चिडला की यांना वाटतं, कन्नड बोलूनही हे लोक रागावतातच. तुमच्या मुलानं शाळेतून आणलेलं कन्नडही मित्रांमधलं, म्हणजे 'बा, होगु' असंच असण्याची शक्यता आहे. त्यालाही हे सांगून ठेवा. मोठ्या माणसाला 'अण्णा', बाईला 'अक्का' किंवा 'अम्मा' म्हटलं की निम्मं काम होतं, आणि या हाका मराठी घराला परक्या नाहीत.

मराठी माणसाला कन्नड किती जवळ आहे, हे इंग्रजीतून शिकवणाऱ्या ॲपमध्ये कळत नाही. आपण म्हणतो 'मला मराठी येतं'. कन्नडमध्ये 'ननगे कन्नड बरुत्ते'. 'ननगे' म्हणजे मला, 'बरुत्ते' म्हणजे येतं. म्हणजे भाषा तिथेही माणसाला 'येते'. निघताना आपण 'जाते' म्हणत नाही, 'येते' म्हणतो, तसं तेही 'होगि बर्तीनि' म्हणतात, जाऊन येते. 'येतो म्हणून सांगितलं' यातला आपला 'म्हणून' जिथे बसतो तिथेच त्यांचा 'अंत' बसतो: 'बर्तीनि अंत हेळिद्रु'. क्रियापद शेवटी. वाक्य मनात मराठीत जुळवायचं आणि शब्द बदलत जायचं, असं केलं तरी बराच पल्ला गाठता येतो. इंग्रजीतून गेलात तर सगळं उलटं करून परत सुलटं करावं लागेल.

काही बाबतींत तर कन्नड मराठीपेक्षा सोपं आहे. खुर्ची ती, टेबल ते, पंखा तो, ही आपली कसरत तिथे नाही. वस्तू सगळ्या नपुंसकलिंगी. 'बर्तीनि' पुरुषानंही म्हणायचं आणि बाईनंही. आणि आकडे! मराठीत एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांत आपलीच मुलं गोंधळतात. कन्नडमध्ये वीस म्हणजे इप्पत्तु, म्हणून एकवीस इप्पत्तोंदु. चाळीस नलवत्तु, म्हणून सत्तेचाळीस नलवत्तेळु. एक ते वीस आणि पुढचे दशक पाठ झाले की शंभरापर्यंत पोचलात. शिवाय 'ळ' तुमच्या जिभेवर आहे. हिंदी घरातून आलेल्या माणसाला 'हेळि' म्हणायला किती झटावं लागतं ते पाहाल तेव्हा या अक्षराची किंमत कळेल.

अवघड काय आहे तेही सांगते. मुलगा हसतो तो बहुधा दोन कारणांनी. एक, आपला 'चाकू'तला च. कन्नडमध्ये तो नाही. तिथे सगळीकडे 'चंद्र'मधलाच च, आणि 'जीवन'मधलाच ज. दुसरं कारण मोठं आहे. कन्नडमध्ये ए आणि ओ हे दोन्ही स्वर ऱ्हस्वही असतात आणि दीर्घही, आणि त्यानं अर्थ बदलतो. डाळीला 'बेळे' म्हणतात, त्यातला पहिला ए लांबवायचा. तोच आखूड म्हटला तर शेतातलं पीक होतं. देवनागरीत लिहिलं की दोन्ही सारखेच दिसतात, आणि इथे मीही तुम्हाला ते लिहून दाखवू शकत नाही. म्हणून वहीत देवनागरीत शब्द उतरवण्याची सवय फार काळ ठेवू नका. इंग्रजी अक्षरांत उतरवणं तर त्याहून वाईट. लिपी शिका.

लिपीला घाबरू नका. क्रम आपलाच आहे, क ख ग घ. बाराखडीला ते 'कागुणित' म्हणतात, त्यात या ऱ्हस्व-दीर्घ ए-ओची भर आहे. जोडाक्षरातलं दुसरं अक्षर खाली लटकतं, एवढं डोळ्यांनी पकडलं की झालं. आणि सरावासाठी पुस्तक विकत घ्यायला नको, पाट्या आहेत. दुकानाच्या पाटीवर साठ टक्के जागा कन्नडला हवी असा नियम २०२४ मध्ये कायद्यात आला, त्यामुळे शहरभर मोठमोठ्या अक्षरांत धडे लावलेले आहेत. सुरुवात कन्नड शब्दांपासून करूच नका. बेकरी, मेडिकल्स, स्टोअर्स, टेलर्स, क्लिनिक हे शब्द कन्नड लिपीत वाचा. शब्द आधीच माहीत आहे, फक्त अक्षर ओळखायचं. शेजारी इंग्रजीत तेच लिहिलेलं असतं, म्हणजे उत्तरही तिथेच. मुलाला बरोबर घेऊन संध्याकाळी फेरी मारा आणि कोण आधी वाचतं ते बघा. तो जिंकेल. जिंकू दे. ज्या आईला आपण काहीतरी शिकवतो तिला मूल फार दिवस हसत नाही.

आता सासूबाई. तुमच्या पत्रातली मला सगळ्यात आवडलेली ओळ ती, आणि तुम्ही ती जवळजवळ शेवटी, जाता जाता लिहिली आहे. तुमच्या घरात कन्नडची शिक्षिका येते आहे! अक्कलकोट, जत, दक्षिण सोलापूर या भागांत कानडी घराघरांत बोलतात, तिथे कन्नड माध्यमाच्या शाळाही आहेत. ते कानडी बंगळूर-म्हैसूरकडच्या बोलीपेक्षा वेगळं आहे, हे खरं. त्या 'बर्री' म्हणतील तिथे बंगळूरकर 'बन्नि' म्हणेल, त्या 'कोड्री' म्हणतील तिथे 'कोडि'. पण बंगळूरात धारवाड, विजापूर, कलबुर्गीकडून आलेली माणसं मुबलक आहेत आणि ती असंच बोलतात. सासूबाईंचं बोलणं बंगळूरच्या माणसाला पहिल्या वाक्यापासून समजेल. त्यालाही फार तर 'कोणत्या गावच्या?' एवढं विचारावंसं वाटेल, आणि गावाची चौकशी झाली की गप्पा सुरू.

'गावठी' या शब्दाचं मला वाईट वाटलं. त्यांना द. रा. बेंद्रे यांच्याबद्दल सांगा. धारवाडला जन्मलेले, घरची भाषा मराठी, आणि कन्नडमधले फार मोठे कवी. १९७३ चं ज्ञानपीठ त्यांना मिळालं. त्यांच्या कवितेत धारवाडकडची रोजची बोली ठासून भरलेली आहे, म्हणजे सासूबाईंच्या माहेराजवळचं कानडी. आणि नवऱ्यालाही सांगा की कन्नडला आजवर मिळालेल्या आठ ज्ञानपीठ मानकऱ्यांपैकी तिघांच्या घरी कन्नड नव्हतं: बेंद्र्यांच्या घरी मराठी, मास्ती वेंकटेश अय्यंगारांच्या घरी तमिळ, गिरीश कर्नाडांच्या घरी कोकणी. परक्या घरातून आलेल्याला इतकं आपलं करून घेणारी ही भाषा आहे. तुम्हाला कविता लिहायच्या नाहीत, मेथीची जुडी घ्यायची आहे, पण दार तेच आहे.

सासूबाई आल्यावर रोज त्यांना खाली घेऊन जा. पहिले दोन दिवस त्या बोलतील, तुम्ही ऐका. तिसऱ्या दिवसापासून तुम्ही बोला आणि त्यांना मागे उभं राहू द्या. परगावी सुनेकडे आलेल्या बाईला दिवसभर टीव्हीपुढे बसण्याशिवाय काही नसतं. इथे मात्र त्या घरातल्या सगळ्यांपेक्षा जास्त जाणत्या असतील, कुणाच्या मदतीशिवाय बाजारात जाऊ शकतील. या एका गोष्टीनं तुमच्या घरातलं वातावरण किती बदलेल याचा विचार करा.

नवऱ्याच्या 'तीन वर्षांसाठी कशाला' याला माझं उत्तर असं, की तीन वर्षं म्हणजे हजारावर दिवस झाले. एवढे दिवस रोज भेटणाऱ्या माणसांशी फक्त 'कितना हुआ' एवढंच बोलून काढायचे का? व्यवहारापुरतं कन्नड यायला तीन वर्षं लागत नाहीत. मराठी माणसानं वर सांगितलं तसं रोज एक काम धरलं तर काही महिन्यांत बाजार, रिक्षा, दवाखाना एवढं जमतं. आणि बदलीची नोकरी असलेल्या घरात 'पुढे कुठे असू माहीत नाही' हे वाक्य जन्मभर खरं असतं. त्यावर थांबलात तर प्रत्येक गावात पाहुण्यासारखं राहावं लागेल. धारवाडला काही वर्षं माझं राहणं झालं तेव्हा पाहिलं, बदलीवर आलेल्यांत ज्यांनी कन्नड उचललं त्यांना सुट्टीत परत यायला घरं होती. बाकीच्यांना हॉटेल.

एखाद्या रविवारी सगळे मिळून श्रवणबेळगोळला जाऊन या. बंगळूरपासून दीडेकशे किलोमीटर. डोंगरावर गोमटेश्वराची प्रचंड मूर्ती आहे, दहाव्या शतकाच्या अखेरची. तिच्या पायाशी कोरलेल्या ओळींत एक मराठी आहे: 'श्रीचावुण्डराजें करवियलें'. चावुंडरायानं, म्हणजे गंग राजाच्या मंत्र्यानं, करवून घेतलं. आपल्याकडे शाळेत मराठीचा जुना शिलालेख म्हणून जो शिकवतात तो हाच. त्याच जागी तीच गोष्ट कन्नडमध्ये 'माडिसिदं' अशी आणि तमिळमध्येही कोरलेली आहे. हजारेक वर्षांपूर्वी कुणाला तरी वाटलं की इथे तीन भाषांची माणसं येणार, तिघांनाही वाचता आलं पाहिजे. मुलाला 'माडु' म्हणजे करणे हे शाळेत शिकवलं असेलच. 'माडिसु' म्हणजे करवून घेणे, आजही तेच रूप आहे. ते त्याला दगडावर शोधायला सांगा.

रिक्षावाल्याच्या भांडणाबद्दल. भीती वाटणं साहजिक आहे. कुणी कुणावर भाषेसाठी हात उचलला किंवा शिवी दिली तर त्याचं समर्थन मी करणार नाही, ते मुंबईत असो की बंगळूरात. पण त्या भीतीपोटी शिकू नका, कारण घाबरलेल्या माणसाच्या तोंडून शब्द फुटत नाही. तुमच्यापाशी याहून चांगलं कारण आहे, ते तुम्हीच लिहिलं आहे. नाशिकला तुम्हाला राग यायचा. समोरच्याला मराठी अस्खलित येत नाही म्हणून तुम्ही चिडत नव्हता. वीस वर्षांत त्याला एकदाही गरज वाटली नाही, आपल्या भाषेकडे त्यानं मान वळवूनही पाहिलं नाही, हे लागायचं. भाजीवाल्या परप्रांतीय पोरानं 'ताई, किती देऊ?' म्हटलं तर त्याच्या चुका आपण मोजतो का? इथल्या माणसाचंही नेमकं तेच दुखणं आहे, आणि तुम्हाला ते आतून माहीत आहे. बंगळूरला येणाऱ्या फार थोड्या लोकांपाशी ही जाण असते. तुम्ही त्या रांगेत उभ्या आहात असं मला वाटत नाही, कारण त्या रांगेतली माणसं अशी पत्रं लिहीत नाहीत.

वर्ग लावायचा असेल तर जरूर लावा. कन्नड अभिवृद्धी प्राधिकार बिगरकन्नड लोकांसाठी वर्ग चालवतं, काही सोसायट्यांतही चालतात. तुमच्या कमिटीला विचारा. पाच-दहा घरं तयार झाली तर शिक्षक तिथे येऊ शकतो. फक्त आधी विचारून घ्या की बोलायला किती वेळ मिळतो. नुसतं फळ्यावरचं व्याकरण असेल तर ॲपचीच गत होईल. आणि १ नोव्हेंबरला राज्योत्सव, म्हणजे कर्नाटकाचा स्थापनादिन असतो, लाल-पिवळा झेंडा लावतात. सोसायटीत कार्यक्रम असेल तर जाऊन बसा, भाषण नाही कळलं तरी चालेल.

राहता राहिला मुलाचं मराठी सुटण्याचा प्रश्न. कर्नाटकात २०१५ चा कायदा आहे, शाळांना कन्नड शिकवावं लागतं, तेव्हा ते त्याच्या वाट्याला येणारच आहे. त्याची धास्ती घेऊ नका. परगावच्या मराठी घरांत मराठी मागे पडतं ते स्थानिक भाषेमुळे क्वचितच. आईवडील आपसात मराठी बोलतात आणि मुलाकडे वळले की इंग्रजीत किंवा हिंदीत बोलायला लागतात, तिथे ते सुटतं. तुम्ही दोघं त्याच्याशी जेवताना, रागावताना आणि झोपवताना कशात बोलता, हे आज रात्री नीट ऐका. त्यात इंग्रजी आढळलं तर ते बदला, कन्नडच्या वहीला बोल लावू नका. त्याला दुभाष्या म्हणून मात्र वापरू नका. 'विचार रे त्यांना कितीला आहे' असं त्याला पुढे केलं की त्यालाही ओझं होतं आणि तुमचंही तोंड बंद राहतं. दिवाळीनंतर त्याचा कन्नडचा गृहपाठ आजीकडे द्या. आजी समजावून सांगेल मराठीत, आणि एखादा शब्द पुस्तकापेक्षा वेगळा सांगितला तर नातू हक्कानं वाद घालेल, तोही मराठीत.